डेंड्रिटिक पेशी-चिकित्सा आणि गुंतवणूकदार

डेंड्रिटिक पेशी-चिकित्सा आणि गुंतवणूकदार : कर्करुग्णाच्या रक्तातून प्रतिरक्षक पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना अर्बुदातील प्रथिनाची ओळख करून देऊन, पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडण्याच्या उपचारपद्धतीत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जे खाजगी भांडवल गुंतले त्याचा हा वृत्तांत आहे. तो बहुतांशी डेंड्रिऑन या एकाच अमेरिकन कंपनीभोवती फिरतो. कारण सरकारी नियंत्रकांच्या व न्यायालयांच्या दप्तरांत तिच्या कारभाराचा जेवढा तपशील उतरला आहे, तेवढा या क्षेत्रातील क्वचितच दुसऱ्या कंपनीचा उतरला असेल.

शास्त्रीय पार्श्वभूमी : रॉकफेलर विद्यापीठातील राल्फ स्टाइनमन व झॅन्व्हिल कोहन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेतील डेंड्रिटिक म्हणजे शाखायुक्त पेशींचे वर्णन केले. परक्या प्रथिनाचा अंश टी-पेशींपुढे मांडून त्यांना कार्यप्रवृत्त करणे हे या पेशींचे कार्य. स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्याच्या तीन दिवस आधी ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निवर्तले होते. स्वतःवरही त्यांनी या पद्धतीचे उपचार करून घेतले होते.

डेंड्रिऑनचा उदय : स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडगर एंगलमन व सॅम्युअल स्ट्रोबर यांनी १९९२ मध्ये स्थापिलेली ही कंपनी पुढे सिअ‍ॅटल येथे गेली आणि २००० मध्ये तिचे समभाग नॅसडॅक बाजारात आले. तिचे औषध सिपुल्युसेल-टी, व्यापारी नाव प्रोव्हेंज; रोग, प्रोस्टेट ग्रंथीचा पसरलेला व संप्रेरक-उपचारांस न जुमानणारा कर्करोग. २९ मार्च २००७ रोजी अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने औषध सुरक्षित असल्याचा कौल एकमताने आणि परिणामकारकतेविषयीचा कौल १३ विरुद्ध ४ मतांनी दिला, तेव्हा पाच डॉलरांच्या आसपास रेंगाळणारा समभाग एका दिवसात दुपटीहून अधिक चढला. परंतु समितीचा कौल प्रशासनावर बंधनकारक नसतो, ही गोष्ट तेजीवाल्यांच्या ध्यानात मे महिन्यात आली. प्रशासनाने अधिक पुरावा मागून मंजुरी लांबणीवर टाकली आणि भाव एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांशाने उतरला. समितीतील दोघा तज्ज्ञांनी विरोधाची पत्रे लिहिली होती. त्यांच्या हेतूंविषयी जे आरोप झाले त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत होय. रुग्ण व भागधारक यांच्या एका संघटनेने केलेली फिर्याद न्यायालयात टिकली नाही.

याच औषधाच्या ५१२ रुग्णांवरील ‘इम्पॅक्ट’ चाचणीत मध्यम आयुर्मान २१.७ महिन्यांवरून २५.८ महिन्यांवर गेल्याचे आढळले. हे तपशील २८ एप्रिल २००९ रोजी शिकागो येथे मांडले जाण्याच्या सुमारास समभाग अवघ्या सव्वा मिनिटात दोन-तृतीयांशाहून अधिक कोसळला व व्यवहार तहकूब करावे लागले. या घटनेच्या कारणांविषयी मतैक्य नाही. चाचणीतील तुलना-गटाच्या उपचारांवरही काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत.

मंजुरीनंतर : २९ एप्रिल २०१० रोजी मंजुरी मिळाली. या वर्गातील उपचाराला अमेरिकेत मिळालेली ही पहिलीच मंजुरी. तीन मात्रांचे मूल्य ९३,००० डॉलर ठरले आणि समभाग ५० डॉलरांपलीकडे गेला. पुढील अपयशाची मीमांसा बहुधा औषधाच्या गुणदोषांवरून केली जाते; प्रस्तुत लेखकाच्या मते ती हिशेबाच्या वह्यांवरून करणे अधिक योग्य ठरेल. गोळ्यांच्या कारखान्यात पहिल्या गोळीचा खर्च अवाढव्य असला तरी लाखाव्या गोळीचा नगण्य असतो, आणि औषधकंपन्यांच्या समभागांची किंमत बाजार याच गृहीतावर ठरवीत आलेला आहे. येथे मात्र प्रत्येक मात्रा एकाच रुग्णाची, त्याच्या श्वेतपेशी रक्तसंकलन केंद्रावर काढून कारखान्यात न्यायच्या, सुमारे ४० तास प्रथिनासह ठेवायच्या आणि तयार झालेली मात्रा १८ तासांच्या मुदतीत त्याच्याच शिरेत पोहोचवायची, असा हा खटाटोप मागणी वाढली म्हणून स्वस्त होत नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया व जॉर्जिया येथे उभारलेल्या तीन कारखान्यांचा स्थायी खर्च मात्र मागणी असो वा नसो चालूच राहिला.

शिवाय प्रत्येक मात्रेचे ३१,००० डॉलर वैद्याने आधी भरायचे व विम्याकडून मागाहून वसूल करायचे, अशी रीत होती. मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने सविस्तर चौकशीअंती ३० जून २०११ रोजी खर्च देण्याचे मान्य केले, तरी लहान दवाखान्यांना एवढी रक्कम अडकवून ठेवणे परवडत नव्हते. उपचाराने अर्बुद आक्रसत नसल्यामुळे व रक्तचाचणीतील आकडाही सहसा उतरत नसल्यामुळे लाभ होत आहे किंवा नाही हे वैद्यास किंवा रुग्णास दिसण्याचा मार्ग नव्हता. त्यातच एप्रिल २०११ मध्ये अबिरॅटेरोन व पुढील वर्षी एन्झालुटामाइड ही तोंडाने घेण्याची औषधे आली. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीने वर्षाच्या विक्रीचा ३५ ते ४० कोटी डॉलरांचा अंदाज मागे घेतला. समभाग दुसऱ्याच दिवशी सुमारे ६७ टक्क्यांनी घसरला. त्याच वर्षाच्या आरंभी काढलेले ६२ कोटी डॉलरांचे परिवर्तनीय कर्जरोखे डोक्यावर असताना १० नोव्हेंबर २०१४ रोजी कंपनीने नादारीचा अर्ज केला, आणि भागधारकांच्या पदरी काहीही पडले नाही. औषध मात्र टिकले : २०१५ मध्ये व्हॅलिअंटने ते सुमारे ४९.५ कोटी डॉलरांना घेऊन दोन वर्षांनी चीनमधील सॅनपॉवर समूहास सुमारे ८२ कोटींना विकले. दिवाळ्याच्या लिलावातून मिळालेला हा नफा या क्षेत्रातील मोजक्या निर्विवाद नफ्यांपैकी एक होय.

अन्य कंपन्या : आर्गोस थेरप्युटिक्सची मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील चाचणी २०१७ मध्ये निष्फळतेच्या निकषावर अडली, पुढील वर्षी कंपनीने नादारी पत्करली. नॉर्थवेस्ट बायोथेरप्युटिक्सच्या मेंदूतील ग्लायोब्लास्टोमावरील लशीची ३३१ रुग्णांची चाचणी दशकाहून अधिक काळ चालली आणि तिचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत तुलनेसाठी अन्य चाचण्यांतील रुग्णांचा आधार घेतल्यामुळे ते वादग्रस्त ठरले. या काळात समभाग नॅसडॅकवरून उतरून अनौपचारिक बाजारात गेला असूनही किरकोळ गुंतवणूकदारांची निष्ठा ढळली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने काही दलाली पेढ्यांवर भाव पाडल्याचा दावा लावला.

यूरोप : प्रोव्हेंजला २०१३ मध्ये मंजुरी, २०१५ मध्ये ती मागे.

भारत : गुडगाव येथील अपॅक बायोटेक कंपनीच्या ‘एपीसीडेन’ या स्वपेशी-उपचारास २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली.