उंची फुटांत, वजन किलोत : शरीराची मापे आणि दोन पद्धती

भारतात प्रौढ व्यक्तीला उंची विचारली, तर उत्तर बहुधा फूट आणि इंचांत मिळते. वजन विचारले, तर तीच व्यक्ती किलोग्रॅममध्ये सांगते. अंगातील ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो आणि हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये. कमरेचा घेर इंचांत असतो, तर रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. एकाच शरीराची मापे अशा प्रकारे मेट्रिक आणि ब्रिटिश या दोन पद्धतींत विभागली गेली आहेत. दैनंदिन संभाषणात त्यामुळे फारसे बिघडत नाही. भरतीचे मैदान, दवाखाना आणि अर्जाचा रकाना या ठिकाणी मात्र हा फरक महत्त्वाचा ठरतो.

या विभागणीचे मूळ स्वातंत्र्योत्तर काळातील सुधारणेत आहे. संसदेने १९५६ मध्ये वजने व मापे यांच्या मानकांचा कायदा संमत केला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत मेट्रिक वजनांचा वापर सुरू झाला. त्यापूर्वी ठिकठिकाणी वेगवेगळे शेर व मण प्रचलित होते. प्रमाणित शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, तर चाळीस शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाण्याच्या तराजूतून ही वजने हद्दपार झाली. त्याच काट्यांच्या सवयीने माणसाचे वजनही किलोत मोजले जाऊ लागले.

उंचीच्या बाबतीत असे काही घडले नाही. उंची विकत घेतली जात नाही आणि विकलीही जात नाही. १९७६ चा सुधारित कायदा काय किंवा १ एप्रिल २०११ पासून अमलात आलेला २००९ चा वैधमापनशास्त्र अधिनियम काय, दोन्हींचा रोख वस्तू व सेवांच्या व्यवहारांवर आहे. दुकानदाराने कापड मीटरवरच विकले पाहिजे. परंतु गिऱ्हाइकाने स्वतःची उंची पाच फूट सहा इंच सांगितली, तर तो कोणत्याही नियमाचा भंग ठरत नाही. शिंप्याची फीत, सुताराची पट्टी आणि चौरस फुटांत सांगितले जाणारे घर यांच्या आधाराने फूट टिकून राहिला. ब्रिटनमध्ये याहून वेगळी स्थिती आहे. तेथे अनेक जण आजही स्वतःचे वजन १४ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ६.३५ किलोग्रॅमच्या ‘स्टोन’मध्ये सांगतात. भारतीय बोलण्यात हे माप कधी रुजलेच नाही.

मराठीला शरीरावरून घेतलेली मापे नवीन नाहीत. वीत, हात, अंगुळ ही सारी मापे देहाचीच. माणसाचा देह साडेतीन हातांचा, असे म्हटले जाते. मात्र हा हात ज्याचा त्याचा असल्यामुळे उंच आणि ठेंगणा या दोघांचेही माप जवळजवळ सारखेच भरते! तुलनेसाठी ते निरुपयोगी आहे आणि प्रमाणित एककाची गरज नेमकी तेथेच निर्माण होते. नऊवारी लुगड्यातील ‘वार’ हा मात्र इंग्रजी यार्ड असून तो ०.९१४४ मीटरचा आहे. त्यामुळे नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. कापड मीटरवर विकले जाऊ लागले, तरी लुगड्याचे नाव बदललेले नाही.

फूट-इंच आणि सेंटिमीटर यांचे नाते आज निश्चित आहे. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी केलेल्या करारानुसार एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर आणि एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. त्यामुळे पाच फुटांचे १५२.४ सेंटिमीटर धरून पुढील प्रत्येक इंचासाठी २.५४ मिळवले की उंची निघते. गणित सोपे आहे. अडचण निर्माण होते ती पूर्णांकात सांगण्याच्या सवयीमुळे. जवळच्या पूर्ण इंचात सांगितलेल्या उंचीत दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटरपर्यंत फरक दडलेला असू शकतो.

याचा सर्वाधिक फटका पोलीस व सुरक्षा दलांच्या भरतीत बसू शकतो. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरतीत पुरुषांसाठी किमान १६५ आणि महिलांसाठी किमान १५५ सेंटिमीटर उंचीची अट आहे. पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१ सेंटिमीटर. ही उंची पात्रतेच्या रेषेपेक्षा केवळ एका मिलिमीटरने अधिक आहे. घरच्या भिंतीवर पावणेपाच इंचांची खूण पाहून पाच इंच सांगणाऱ्या तरुणाची उंची प्रत्यक्षात १६४.५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि तो अपात्र ठरतो. महिलांच्या बाबतीत हिशेब आणखी कठोर आहे. पाच फूट एक इंच म्हणजे १५४.९४ सेंटिमीटर, कागदावर ही उंची अटीपेक्षा ०.६ मिलिमीटरने कमी भरते. ‘पाच-एक’ उंची असल्याच्या भरवशावर वर्षभर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलीने सेंटिमीटरची पट्टी आधीच लावून पाहिलेली बरी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत सर्वसाधारणपणे पुरुषांसाठी १७० आणि महिलांसाठी १५७ सेंटिमीटरची अट असून काही प्रवर्गांना सवलत आहे. तेथे पाच फूट सात इंच आणि पाच फूट दोन इंच या उंची जेमतेम पुरतात.

मोजणीची वेळही विचारात घ्यावी लागते. मणक्यांमधील चकत्या दिवसभर शरीराच्या भाराने दबत असल्याने सकाळची उंची सायंकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर अधिक भरते. उंची अनवाणी, टाचा व पाठ सरळ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून मोजावी लागते. चपला घालून घेतलेले माप कोणत्याही एककात लिहिले, तरी चुकीचेच राहते.

दुसरी मोठी अडचण लेखनाची आहे. विवाहविषयक परिचयपत्रांत उंची सर्रास ‘५.६’ अशी लिहिली जाते. लिहिणाऱ्याच्या मनात पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७.६ सेंटिमीटर असतात. दशांश चिन्हाचा अर्थ काटेकोरपणे घेतला, तर ५.६ फूट म्हणजे १७०.७ सेंटिमीटर होतात. फूट बारा इंचांचा असल्याने येथे दशांश चिन्ह मुळातच गैरलागू आहे. संगणकावर हा घोटाळा वाढतो. पाच फूट दहा इंचांसाठी लिहिलेल्या ५.१० मधील शेवटचे शून्य तक्त्यात गळून पडते आणि उरते ५.१. पाहणारा ते पाच फूट एक इंच असे वाचतो. १७८ सेंटिमीटर उंचीचा मुलगा कागदावर एकदम १५५ चा होतो! फूट-इंच वापरायचेच असतील, तर ‘५ फूट १० इंच’ असे पूर्ण लिहावे. अन्यथा १७८ हा तीन अंकी आकडा अधिक सुरक्षित आहे. सेंटिमीटरचे इंच आणि इंचांचे पुन्हा सेंटिमीटर असे फेरे टाळून मूळ मोजणीचाच आकडा जपून ठेवणे इष्ट.

वैद्यकीय क्षेत्रात निवडीला फारसा वाव नाही. वजनाच्या किलोग्रॅमना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांच्या बाबतीत २३ पासून पुढे अधिक वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा, असे निकष भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये मांडले. पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच आहे. येथे पॅन्टच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. ३४ इंचांचे सुमारे ८६ सेंटिमीटर होतात, म्हणून आपण मर्यादेच्या आत आहोत, असा पुरुषाचा समज होतो. परंतु पॅन्ट पोटाखाली बांधली जाते. वैद्यकीय माप मात्र शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर घ्यायचे असते.

अंगणवाडीत तर इंच शिरूच शकत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित. तीव्र आणि मध्यम यांच्यातील रेषा मिलिमीटरने ठरत असल्यामुळे दंडघेराच्या रंगीत पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात.

तापाच्या मोजणीत फॅरनहाइटचे वर्चस्व कायम आहे. निरोगी शरीराचे तापमान ९८.६ अंश असते, हे घरोघरी पाठ आहे. हा आकडा मात्र दिसतो तितका सूक्ष्म नाही. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हे ढोबळ मान दिले. त्याचे रूपांतर करताना दशांशातील सहा आपोआप आले. तीन महिन्यांहून लहान बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस झाला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. डिजिटल तापमापकात दोन्ही परिमाणे असल्यामुळे पडद्यावर कोणते अक्षर उमटले आहे, हे आधी पाहावे.

कपड्यांच्या दुकानातील गोंधळ निराळाच आहे. पुरुषांच्या औपचारिक शर्टांवरील ३९, ४०, ४२ हे आकडे सामान्यतः कॉलरचे सेंटिमीटर असतात. पॅन्टवरील ३२, ३४ हे कमरेचे इंच असतात. पादत्राणांवर ब्रिटिश क्रमांक असतो. त्यातील दोन लगतच्या क्रमांकांत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते. भारतीय पावलांची ठेवण लक्षात घेऊन स्वतंत्र मोजपद्धती असावी, यासाठी चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांची मापे घेण्यात आली. प्रस्तावित पद्धतीला ‘भा’ असे नाव देण्यात आले आहे.

परदेशी जाणाऱ्यांना ही सारी सवय उलटी करावी लागते. अमेरिकेत वाहनपरवान्यावर उंची फूट-इंचांत असते, त्यामुळे भारतीयांना ती परकी वाटत नाही. वजनाचे मात्र पौंड करावे लागतात. किलोंची दुप्पट करून त्यात त्या दुपटीचा दहावा हिस्सा मिळवला की पुरेसे जवळचे उत्तर येते. ७० किलोंचे १५४ पौंड होतात. मुलांच्या औषधाच्या बाबतीत असा अंदाज करू नये. औषधाची मात्रा किलोमागे ठरते. पौंडांचा आकडा किलो समजून वापरला, तर ती सव्वादोन पटींच्या घरात जाते. याच कारणाने अमेरिकेतील आपत्कालीन परिचारिकांच्या संघटनेने मुलांचे वजन केवळ किलोग्रॅममध्येच मोजावे आणि नोंदवावे, अशी भूमिका घेतली आहे. भारतातून गेलेल्या पालकांनी तेथे बाळाचे वजन सांगताना आकड्याबरोबर एककही उच्चारावे आणि औषधाच्या चिठ्ठीवर किलोग्रॅमच लिहिले असल्याची खात्री करून घ्यावी.