भयकथेचा शेवट

आमच्या कोलशेतांत, खाडीकाठच्या रेतीबंदराच्या बाजूस उठलेल्या उंच इमारतींतून, तरुण मंडळी घरबसल्या जगांतील चित्रपट पाहतात. त्यांच्यांत 'द मिस्ट' या २००७ सालच्या अमेरिकन भयपटाच्या शेवटाविषयीं वारंवार वाद ऐकूं येतो. तो शेवट इतका काळोखी आहे, कीं पुष्कळजण निराश होऊन उठतात. आणि टीकाकार त्यांच्या निराशेस मनाचा दुबळेपणा म्हणून हंसण्यावारी नेतात. हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो. प्रेक्षकाची तक्रार शोकाविरुद्ध क्वचितच असते. शोक कोणत्या वाटेनें आला, याविरुद्ध ती असते. आमच्या रंगभूमीचा इतिहास याची साक्ष देईल.

संस्कृत नाटक बहुधा भरतवाक्याच्या मंगल आशीर्वादानें संपे. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखे अपवाद विरळा. हे संस्कार असलेल्या मराठी रसिकांसाठीं विनायक जनार्दन कीर्तने यांनीं १८६१ सालीं 'थोरले माधवराव पेशवे' हें नायकाच्या मृत्यूकडे जाणारें नाटक लिहिलें. पुढें १९१९ सालीं, गडकरी निवर्तल्यावर थोड्याच दिवसांनीं, 'एकच प्याला' रंगभूमीवर आला. त्यांत सिंधू जाते, सुधाकरही जातो. तरी लोक तें नाटक पुनःपुन्हां पाहत राहिले. कारण त्यांतील प्रत्येक आपत्ति त्या पहिल्या प्याल्यांतून उतरलेली आहे. प्रेक्षक रडला, पण आपणांस फसविलें असें त्यास वाटलें नाहीं.

इंग्लंडांत याच्या उलट प्रकार घडला. नेहम टेट यानें १६८१ सालीं 'किंग लियर'ला सुखान्त जोडला, कॉर्डीलियेस जिवंत ठेवून तिचा विवाह लाविला, आणि दीडशें वर्षें तें चालून गेलें. १८३८ सालीं मॅक्रेडी या नटानें शेक्सपीअरचें मूळ नाटक पुन्हां उभें केलें. परका शेवट सुखाचा असला तरी परकाच!

आतां 'द मिस्ट'कडे वळूं. स्टीफन किंग याच्या १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या मूळ कथेंत भीषण प्राण्यांनीं भरलेल्या धुक्यांतून एक बाप मुलास घेऊन निघतो, आणि आशेच्या एका अंधुक तंतूवर कथा थांबते. निर्वाणीच्या वेळीं स्वतःच्याच माणसांना गोळ्या घालण्याचा विचार तेथेंही त्याच्या मनास शिवून जातो. म्हणजे बीज मुळांतलेंच. परंतु दिग्दर्शक फ्रँक डॅराबॉन्ट यानें तें शेवटास नेलें. गाडींत माणसें पांच आणि गोळ्या चार. बाप आपल्या मुलासह चौघांस मारतो, आणि कांहीं क्षणांतच धुकें विरून लष्कर येऊन पोहोंचतें!

हा शेवट खुद्द किंगला आवडला, हें आम्ही विसरत नाहीं. निराशेची घाई हाच त्या बापाचा अपराध, असेंही समर्थन करतां येईल. परंतु ज्यास दोन तासपर्यंत विवेकी व धीराचा म्हणून दाखविलें, त्याचा सर्वनाश अखेर घड्याळाच्या कांट्यावर ठरतो. लष्कर एक तास उशिरां आलें असतें तर त्याच कृतीस कोणी अपराध म्हटलें असतें काय? येथें मनुष्याच्या दोषापेक्षां योगायोगच बलवत्तर ठरतो.

याशेजारीं आपल्या मातींतला 'तुंबाड' ठेवून पाहावा. नारायण धारपांच्या कथेपासून स्फूर्ति घेऊन राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट २०१८ सालीं प्रदर्शित झाला. याचाही शेवट भयंकरच. सोन्याच्या मुद्रांचा लोभी विनायक अखेर स्वतःच राक्षसी रूप पावतो आणि सोनें मुलापुढें करतो. मुलगा तें नाकारून बापास अग्नि देतो. परंतु ही आग विनायकानें स्वतःच्या लोभानें आयुष्यभर रचिलेली आहे, आणि मुलाच्या नकारांत पुढच्या पिढीची सुटका आहे.

भयकथा मनुष्यास त्याच्या हतबलतेची जाणीव देते, आणि तें तिचें कामच आहे. परंतु त्या हतबलतेंतही आपल्या वागण्यास कांहीं अर्थ उरतो, एवढा विश्वास प्रेक्षक तिच्याकडे मागतो. तो विश्वास ठेवून लेखकानें खुशाल सर्वांस मारावें. रसिक डोळे पुसून त्यास धन्यवादच देईल.