मराठी प्रमाणलेखन आणि अहिल्यानगर जिल्हा

मराठी लिहिण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे प्रमाणलेखन. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याने मराठीला आद्य ग्रंथ दिले. लेखनाचे नियम मात्र पुण्या-मुंबईत ठरले.

जिल्ह्यातील सराळ्याच्या म्हाइंभटांनी, म्हणजे महानुभाव पंथाच्या अनुयायाने, संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. या पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. छापील गद्य घडत असताना हा अस्सल नमुना हाताशी नव्हता, हे मराठीचे मोठेच नुकसान. याच जिल्ह्यातील नेवाशात शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या मात्र असंख्य नकला झाल्या आणि नकलाकारांच्या हातून पाठ बदलत गेले. १५८४ मध्ये एकनाथांनी ते शोधून शुद्ध प्रत तयार केली.

पेशवाईतली कारकुनी मोडी लिपीत चाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर सहसा नसे. छापखान्याने बाळबोध (देवनागरी) लिपी उचलली आणि प्रत्येक वेलांटी-उकाराचा निर्णय करणे भाग पडले. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि मेजर कँडी यांनी रुळवलेली विरामचिन्हे यांतून शालेय मराठीला वळण लागले. नगरला अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ याच घडणीच्या काळातले.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले: ‘नाहीं’चे ‘नाही’, ‘घरांत’चे ‘घरात’ झाले. ‘कवि’, ‘गुरु’ हे शब्द सुटे असताना ‘कवी’, ‘गुरू’ असे दीर्घान्त झाले, पण ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’ यांत ऱ्हस्वच राहिले. प्रमाणरूपे शिष्टांच्या बोलीवर बेतलेली असल्याने ‘पानी’, ‘न्हाई’, ‘व्हता’ म्हणणाऱ्या नगरच्या खेड्यांतल्या मुलाला पाटीवर वेगळेच रूप गिरवावे लागते. त्याच्या बोलीला अशुद्ध म्हणणे अन्यायाचे आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाबरहुकूम छापावे, असे हेच नियम सांगतात. त्यामुळे ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र आणि ‘ज्ञानोदया’चे सुरुवातीचे अंक यांतील उताऱ्यांना आजचे लेखननियम लागू होत नाहीत.