स्वीडिश सणपरंपरा (स्वीडनबाहेरील)

स्वीडन सोडून अन्य देशांत स्थायिक झालेल्या किंवा नोकरीनिमित्त काही वर्षे राहणाऱ्या स्वीडिश लोकांनी तिथे चालू ठेवलेले सण आणि सणाचे पदार्थ हा या नोंदीचा विषय आहे. फिनलंडमधील स्वीडिशभाषक यात धरलेले नाहीत; ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच रहिवासी आहेत आणि त्यांच्या सणांना परदेशात जपलेले सण म्हणता येणार नाही.

स्वीडनबाहेर गेलेल्यांचे ढोबळमानाने दोन समूह पडतात. १८५० ते १९३० या काळात सुमारे १२ ते १३ लाख लोक अमेरिकेला गेले. १९०० च्या सुमारास स्वीडनची लोकसंख्या ५१ लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थलांतराचा आवाका कळतो. १८६७ ते १८६९ ही नापिकीची वर्षे, जमिनीचे तुकडे पडणे, धार्मिक मतभेद ही त्याची मुख्य कारणे. दुसरा समूह अलीकडचा: कंपन्यांचे अधिकारी, विद्यार्थी, परदेशी व्यक्तीशी लग्न केलेले, निवृत्तीनंतर स्पेनच्या उन्हात जाऊन राहिलेले. या दोघांची सणाची टेबले शेजारीशेजारी मांडली, तर ती एकाच देशाची आहेत असे चटकन वाटणार नाही. घराने देश केव्हा सोडला, हे नाताळच्या जेवणावरून बऱ्याच अंशी सांगता येते.

जुन्या स्थलांतरितांच्या टेबलावरचा मानाचा पदार्थ म्हणजे लूटफिस्क. कॉड किंवा लिंग जातीचा मासा कडक वाळवून ठेवतात. सणाआधी तो पाच-सहा दिवस साध्या पाण्यात भिजवायचा, मग दोनेक दिवस क्षाराच्या पाण्यात ठेवायचा. हा क्षार पूर्वी बर्चच्या राखेपासून करत, आता सोडा वापरतात. माशाचे मांस फुगून काचेसारखे पारदर्शक होते आणि या अवस्थेत ते खाण्यालायक नसते. म्हणून पुन्हा काही दिवस पाणी बदलत बदलत क्षार काढून टाकावा लागतो. क्षारात मुक्काम लांबला तर माशातल्या चरबीचा अक्षरशः साबण होतो. शिजवताना वरून पाणी घालत नाहीत. मीठ लावले की मासा स्वतःच पाणी सोडतो. चांदीचे काटेचमचे यासाठी काढत नाहीत, कारण ते काळे पडतात. चव म्हणावी तर फारशी नसते, त्यामुळे सगळा भार सोबतच्या पांढऱ्या सॉसवर, ऑलस्पाइसच्या पुडीवर, मटारांवर आणि उकडलेल्या बटाट्यांवर. असा पदार्थ अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षे टिकावा याचे नवल वाटते. पण वाळवलेला मासा बर्फाशिवाय, स्वस्तात, जहाजाने कुठेही जात होता आणि प्रेरीच्या गवताळ मुलखातही पोचत होता. टिकण्याचे अर्धे कारण तेच.

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय या राज्यांत शरदापासून नाताळापर्यंत लुथरन चर्चच्या तळघरात लूटफिस्कच्या पंगती बसतात. स्वयंपाक आणि वाढप सभासदच करतात, तिकिटे लावलेली असतात. नॉर्वेजियन स्थलांतरितही हाच मासा खातात, मात्र वितळलेल्या लोण्याबरोबर. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी लोणी आणि पांढरा सॉस दोन्ही मांडतात आणि कोण कशाला हात घालतो यावरून आजोळ ओळखले जाते. ज्यांच्या घशाखाली मासा उतरत नाही त्यांच्यासाठी मीटबॉल असतातच. मिनीॲपोलिसच्या लेक स्ट्रीटवरील १९२१ पासून चालू असलेल्या ‘इंगेब्रेट्सन्स’ या दुकानासमोर डिसेंबरमध्ये लागणारी रांग त्या शहरात नाताळचाच भाग मानली जाते.

याच समूहाचे आणखी दोन पदार्थ सांगितले पाहिजेत. वेर्मलांड प्रांतातला बटाटा, मांस आणि कांदा भरलेला सॉसेज स्वीडनमध्ये मुख्यतः त्या प्रांतापुरता ओळखला जातो. अमेरिकेत मात्र ‘स्वीडिश सॉसेज’ म्हणून तोच पुढे येतो. स्मोलांड प्रांतातली उस्टकाका ही दूध रेनेटने (वासराच्या जठरातल्या पाचकद्रव्याने) फाडून, त्यात अंडी, साय आणि बदाम घालून भाजलेली, आपल्या खरवसाच्या जवळ जाणारी वडी. घरोघरी वासरे कापली जात तेव्हा रेनेट घरचेच असे. पुढे अमेरिकन किराणा दुकानातल्या रेनेटच्या गोळ्यांवर काम भागू लागले आणि कॅन्ससमधल्या घरांतून उस्टकाका त्यामुळेच चालू राहिली. प्रांतीय पदार्थाला परदेशात राष्ट्रीय पदार्थाचा दर्जा मिळणे ही स्थलांतरितांच्या खाद्यजीवनातली नेहमीची घटना आहे: ज्या गावचे लोक जास्त, त्या गावची चव देशाची ठरते.

उलट, आज ज्या गोष्टींशिवाय स्वीडिश डिसेंबरची कल्पनाच करता येत नाही, त्यांतल्या बऱ्याचशा या मंडळींच्या पेटाऱ्यात नव्हत्या. १३ डिसेंबरच्या लूसिया या सणाची जुनी नोंद १७६४ सालची, पश्चिम स्वीडनमधील एका जमीनदारवाड्यातली आहे. पांढरा झगा, लाल कमरपट्टा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट आणि मागून गाणाऱ्या मुलामुलींची रांग हे रूप देशभर पसरले ते १९२७ मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लूसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यानंतर. गाण्याची चाल तर नेपल्सची. १८६९ मध्ये कॅन्ससला पोचलेल्या शेतकऱ्याने अशी मिरवणूक पाहिली असण्याचा संभव कमीच. आज कॅन्ससमधील लिंड्सबोर्ग, इलिनॉयमधील बिशप हिल आणि शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात लूसिया थाटात निघते, पण ती विसाव्या शतकात मंडळे, शाळा आणि चर्चेस यांच्यामार्फत आलेली आहे. ‘यान्सन्स फ्रेस्टेल्से’ हा बटाट्याचा भाजलेला पदार्थ सध्याच्या नावाने १९४० च्या सुमारास रूढ झाला. नाताळात खपाच्या बाबतीत कोका-कोलाला मागे टाकणारे यूलमुस्ट हे पेय १९१० मध्ये अरेब्रू शहरात तयार झाले. २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता टीव्हीवर डोनाल्ड डकची चित्रे पाहण्याचा प्रघात १९६० पासूनचा आहे. नव्याने परदेशी गेलेल्या कुटुंबांना मात्र हेच सगळे अनादी वाटते, आणि लूटफिस्क ही आजीची हौस.

जुन्या वसाहतींनी आणखी एक गोष्ट बराच काळ धरून ठेवली. ती म्हणजे यूलोटा, २५ डिसेंबरला पहाटे अंधारात होणारी चर्चमधील उपासना. १८६० मध्ये स्थापन झालेल्या ऑगस्टाना या स्वीडिश लुथरन संघटनेच्या चर्चेसनी ती जपली. स्वीडिश भाषा सुटली, उपासना इंग्रजीत होऊ लागली, १९६२ मध्ये ही संघटना मोठ्या लुथरन संघटनेत विलीन झाली, तरी काही चर्चेसमध्ये यूलोटाची एक-दोन स्तोत्रे स्वीडिशमध्येच म्हणतात. म्हणणाऱ्याला अर्थ कळो न कळो. घरगुती पातळीवर तडजोड सोपी होती. स्वीडिश नाताळ २४ च्या संध्याकाळी असतो आणि अमेरिकन २५ च्या सकाळी, त्यामुळे मिश्र कुटुंबांत दोन्ही सण भांडणाशिवाय बसतात.

या परंपरा नुसत्या आठवणींवर चाललेल्या नाहीत. त्यामागे संस्थांचा बांधीव सांगाडा आहे. १८९६ मध्ये न्यू हेवन येथे निघालेले ‘वासा ऑर्डर’ मुळात आजारपणात आणि मृत्यूनंतर मदत करणारे मंडळ होते. विम्याची गरज संपल्यावर सण साजरे करणे हेच त्याचे प्रमुख काम होऊन बसले. मिनीॲपोलिसची अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट १९२९ मध्ये वृत्तपत्रमालक स्वान टर्नब्लाड यांनी आपला वाडा देऊन उभी केली. परदेशस्थ स्वीडिश स्त्रियांची ‘स्वेआ’ ही संघटना १९७९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिच्या शाखांचे नाताळबाजार ठिकठिकाणी भरतात. सर्वांत मोठे जाळे मात्र स्वीडिश चर्चचे. पॅरिसची मंडळी १६२६ पासूनची, लंडनची १७१० पासूनची. लंडनच्या मेरिलबोन भागातील सध्याची इमारत १९११ मधली आहे. एरवी रविवारी उपासनेला न येणारी माणसे नोव्हेंबरातल्या नाताळबाजाराला हमखास हजर असतात आणि हेरिंगच्या बरण्या, जिंजर बिस्किटे, मेणबत्त्या घेऊन जातात. चर्चवाल्यांनाही हे ठाऊक असते. श्रद्धेची उलटतपासणी कोणी करत नाही.

खरी अडचण जिन्नसांची. यान्सन्स फ्रेस्टेल्सेला लागतो तो स्प्रॅट मासा साखर, मीठ, चंदन आणि इतर मसाल्यांत मुरवलेला असतो. त्याऐवजी इटालियन अँकोव्हीचा डबा उघडला तर सगळे भांडे खारट होते, कारण तो मासा केवळ मिठातला. नाताळचे हॅम खारवलेले पण धूर न दिलेले हवे. ते उकडून, वर मोहरी, अंडे आणि पावाचा चुरा लावून भाजतात. अमेरिकेत सणासुदीला मिळणारे हॅम बहुधा धुरावलेले असते, तेव्हा ओळखीच्या खाटकाला आठवडाभर आधी सांगून ठेवावे लागते किंवा घरीच मिठाच्या पाण्यात मुरवावे लागते. रानात होणाऱ्या लिंगनबेरीच्या जागी अमेरिकेत क्रॅनबेरी येते आणि ती बरीच खपून जाते. केशराचे मात्र कुठेच अडत नाही. लूसियाच्या पिवळ्या, इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणाच्या, दोन टोकांना बेदाणे खोवलेल्या पावांसाठी स्वीडनमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या विकतात. बाहेर काड्या घेऊन साखरेबरोबर खलाव्या लागतात, इतकाच फरक.

या बाबतीत इकेआने केलेले काम कोणत्याही मंडळापेक्षा मोठे आहे. फर्निचरच्या दुकानाच्या दाराशी असलेल्या खाद्यविभागामुळे हेरिंग, लिंगनबेरी जॅम आणि हंगामात यूलमुस्ट पुष्कळ देशांत सहज मिळू लागले. सोय झाली, तशी एक कंटाळवाणी सारखेपणाची झाकही आली: मुरवलेल्या हेरिंगचे घरोघरचे वेगळे प्रमाण मागे पडून जगभर एकाच बरणीची चव पोचली.

जूनमधला मिडसोमर स्वीडनमध्ये १९५३ पासून १९ ते २५ जूनदरम्यानच्या शुक्रवारी मुख्यतः साजरा होतो. परदेशात त्या दिवशी सुटी नसते, म्हणून जवळचा शनिवार धरतात. पानाफुलांनी मढवलेला खांब, त्याभोवती बेडकांच्या गाण्यावर उड्या मारणारी मोठी माणसे, हेरिंग, शेपू घातलेले नवे बटाटे, शेवटी स्ट्रॉबेरी. हा सण सगळ्यात चांगला स्थलांतरित होतो. त्याला ना धर्म लागतो ना दुर्मिळ जिन्नस. मोकळे मैदान आणि गाणारे चार लोक पुरतात. दक्षिण गोलार्धात मात्र ऋतूच उलटा. मेलबर्नला १३ डिसेंबरला सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, तर स्टॉकहोमला दुपारी पावणेतीनच्या सुमारास. तिथल्या लूसियाला अंधार खिडक्या झाकून करावा लागतो. अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतातील ओबेरा भागात ब्राझीलमार्गे आलेल्या स्वीडिश कुटुंबांनाही हाच उन्हाळी नाताळ वाट्याला आला.

ऑगस्टमधील क्रेफिशच्या मेजवानीची गंमत निराळी. क्रेफिश हा शेवंडाच्या जातकुळीतला गोड्या पाण्यातला प्राणी. १९०७ मध्ये आलेल्या रोगाने स्वीडनमधला मूळ क्रेफिश बराचसा संपवला आणि १९६० च्या दशकात त्याच्या जागी कॅलिफोर्नियातून सिग्नल क्रेफिश आणून सोडले. म्हणजे अमेरिकेतला स्वीडिश माणूस तिथल्या क्रेफिशवर ही मेजवानी करतो तेव्हा तो तडजोड करतो असे म्हणवत नाही.

भारतात जुनी स्वीडिश वसाहत नाही. पण पुण्याजवळ दापोडी-चिंचवड पट्ट्यात आल्फा लाव्हाल, सँडविक, ॲटलस कॉप्को, एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपन्या अनेक दशके आहेत आणि त्यांच्यामुळे स्वीडिश कुटुंबांचे येणेजाणे राहिले आहे. सणाच्या भाजकामाला लागणारे वेलदोडे, केशर आणि बदाम इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात; वेलदोड्याच्या सुवासाचा पाव, त्यात बदामाचे सारण आणि वर फेटलेली साय असा लेन्ट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) सुरू होण्याआधीच्या मंगळवारचा ‘सेमला’ त्यामुळे पुण्यात अडायचे कारण नाही. शेपूही मंडईत जुडीने मिळतो. क्रेफिशला लागतो तो फुलोऱ्यावर आलेला, तेवढा माळ्याला सांगून राखून ठेवावा लागेल. नवी मुंबईत तुर्भे येथे डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या इकेआमध्ये मीटबॉल चिकनचे आणि शाकाहारी आहेत.

काही सण मात्र बाहेर रुजलेच नाहीत. ३० एप्रिलला वसंताच्या स्वागतासाठी पेटवल्या जाणाऱ्या वालबोरीच्या होळ्यांना परवानगी मिळणे कठीण. ईस्टरच्या आधी डोक्याला रुमाल बांधून, गालांवर रंगाचे ठिपके काढून खाऊ मागत दारोदार फिरणाऱ्या छोट्या चेटकिणी अनोळखी शेजाऱ्यांच्या दारात भलत्याच वाटतात, आणि अमेरिकेत त्यांची जागा हॅलोवीनने आधीच घेतलेली आहे. ६ जूनचा राष्ट्रीय दिन स्वीडनमध्येच २००५ पासून सुटीचा झाला. परदेशात तो वकिलातीच्या हिरवळीपुरता असतो. ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी उघडायचा सूरस्ट्रमिंग, म्हणजे डब्यात आंबत राहणारा बाल्टिक हेरिंग, याच्या आड तर विमान कंपन्याच आल्या: २००६ मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी फुगलेले डबे फुटण्याच्या धोक्यामुळे तो विमानात नेण्यास बंदी घातली.