सुरांची रांगोळी

रांगोळी हातानेच काढता येते असे कोण म्हणतो? सुरांनीही ती काढली आहे!

एर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन संशोधकाने १७८७ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून तो कडेवरून व्हायोलिनचा गज ओढी. वाळू थरथरणाऱ्या जागा सोडून स्थिर रेषांवर जाऊन बसे. सूर बदलला की नक्षीही बदले.

आज संगणकाच्या पडद्यावर तबल्याच्या थापेसरशी वर्तुळ फुगते, बासरीबरोबर रेषा लवते. गुंतागुंतीचा नादही साध्या लहरींत उलगडता येतो, ही त्यामागची दृष्टी फ्रेंच गणिती फूरिए याची. ती उकल झटपट करण्याची रीत कूली व ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. संगणक खर्ज आणि तार निराळे मोजतो, अन् त्या आकड्यांनी चित्र हलवतो.

मला मात्र अधिक मोल वाटते ते सोफी जर्मेनबाईंचे. पॅरिसच्या ज्या विद्यालयात स्त्रियांना मज्जाव होता, तेथे त्यांनी पुरुषाच्या नावाने निबंध पाठवले. १८०९ साली क्लाड्नीची नक्षी पाहून नेपोलियनने तिच्या गणितासाठी बक्षीस लावले. १८१६ मध्ये ते या बाईंनीच मिळवले.

'मुलीला गणित कशाला?' असे विचारणाऱ्या पालकांना मी ही वाळूची गोष्ट सांगते.