मुलगा की मुलगी : किड्यांनी दिलेली साक्ष

लागोपाठ दोन-तीन मुली झाल्या की घरात बोलणं सुरू होतं. ‘हिची कूसच तशी’, ‘हिच्या नशिबात मुलगा नाही’. दुसरी बायको करण्याची धमकी आपल्यापैकी कितीतरी जणींनी ऐकलीय. मूल मुलगा होणार की मुलगी, हे बाईवर ठरत नाही, एवढं आता बहुतेकींना माहीत आहे. पण हे शोधलं कुणी आणि कशावरून, ते फारसं कुणी सांगत नाही. आज आम्ही तेच सांगणार आहोत. त्यात एक बाई आहे आणि पिठात पडणारा एक किडा.

बाईंचं नाव नेटी स्टीव्हन्स. जन्म १८६१, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. वडील सुतार. नेटीबाई शाळेत शिकवायच्या, पैसे साठवायच्या. पस्तिशीत त्यांनी पुन्हा कॉलेजात नाव घातलं आणि चाळिशी उलटल्यावर, १९०३ साली, ब्रिन मॉर या बायकांच्या कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी मोठेमोठे शास्त्रज्ञसुद्धा म्हणत, की पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे आईच्या खाण्यावर, हवेच्या उष्ण-थंडपणावर ठरतं. तसं वाटायला कारणही होतं. वालावर, चवळीवर मावा पडतो तो आठवा. पाला कोवळा असेल तेव्हा मावा नराशिवायच पिलं घालतो, आणि ती सगळी माद्याच. थंड देशांत हिवाळा जवळ आला की त्यातच नरही निपजतात. म्हणजे ऋतू बदलला की पोर बदललं! हे पाहून कुणालाही वाटेल, की माणसाचंही असंच असेल. नेटीबाईंनी माव्याचाही अभ्यास केला होता.

पण गुपित सापडलं ते पिठात, कोंड्यात होणाऱ्या एका काळ्या किड्यात. आपल्या अंगाची प्रत्येक पेशी म्हणजे घराची एक वीट. तिच्या आत बारीक दोऱ्यांसारखी गुणसूत्रं असतात. आईबापांचे गुण मुलांत येतात ते त्यांच्यातून. नेटीबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ती एकेक करून मोजली. या किड्याच्या मादीत २० गुणसूत्रं, सगळी मोठी. नरात १९ मोठी आणि एक अगदी चिमुकलं. मग त्यांनी नराचं बीज पाहिलं. बीजात निम्मीच गुणसूत्रं जातात. नराच्या अर्ध्या बीजांत १० मोठी होती, आणि उरलेल्या अर्ध्यांत ९ मोठी नि ते एक चिमुकलं. मादीच्या अंड्यात मात्र कायम १० मोठीच. म्हणजे अंडी सारखी, फरक नराच्या बीजात. साल होतं १९०५. त्याच सुमाराला एडमंड विल्सन या शास्त्रज्ञांनाही दुसऱ्या किड्यांत असंच काही दिसलं. पण निर्णय गुणसूत्रावरच होतो, हे नेटीबाईंनी जास्त ठामपणे मांडलं, असं आम्हाला वाटतं.

त्यांचे शिक्षक थॉमस मॉर्गन यांना हे लगेच पटलं नाही. ते न्यूयॉर्कमध्ये दुधाच्या बाटल्यांत, पिकल्या केळ्यांवर चिलटं पाळत. (कारल्यात, आंब्यात अळ्या करते ती फळमाशी वेगळी, हं.) १९१० साली लाल डोळ्यांच्या चिलटांत त्यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्याची पोरं लाल डोळ्यांची निघाली. पण नातवंडांत पांढरे डोळे पुन्हा आले, आणि ते फक्त नरांना. आजोबांचा गुण लेकीतून नातवाकडे गेला होता. एवढं स्पष्ट दिसल्यावर गुणसूत्रांवर मॉर्गन यांचाही विश्वास बसला.

माणसातही आईच्या अंड्यात नेहमी एक्स गुणसूत्र असतं, बापाच्या बीजात एक्स किंवा वाय. वाय आलं तर मुलगा. वायमुळेच मुलगा होतो हे माणसांत पक्कं ठरलं ते १९५९ साली. चिलटांत तसं नाही. दोन एक्स आणि एक वाय असलेलं चिलट मादीच असतं, तर तशीच गुणसूत्रं असलेला माणूस पुरुष असतो. प्रत्येक जातीने आपली वेगळी वाट काढली आहे. मधमाशीचा नर तर बापाविनाच जन्मतो. आणि कोंबड्यांत खरोखरच कोंबडीच्या अंड्यावर ठरतं, नर की मादी. तिला मात्र कुणी बोल लावत नाही!

म्हणून आता नवऱ्याला बोल लावायचा का? नाही. कुठलं बीज पोचेल ते त्याच्याही हातात नसतं. पण हे शास्त्र ठाऊक असलेल्या समाजानेच पुढे सोनोग्राफीने पोटातल्या मुली शोधून पाडल्या. महाराष्ट्राला १९८८ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला, देशाला १९९४ साली.

मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल मिळालं. ते पाहायला नेटीबाई नव्हत्या. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी खास संशोधनाची प्राध्यापकी काढली होती, पण ती स्वीकारण्याआधीच, ४ मे १९१२ रोजी, स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय होतं ५०.