व्हेक्टरमध्ये आहे तरी काय?

वसमतच्या बाजारात हळदीची पोती किती आहेत असे विचारले आणि गोदामवाल्याने ‘पहिले पोते खांबापाशी, शेवटचे दारापाशी’ एवढेच सांगितले, तर ते खरे असूनही आपले समाधान होणार नाही. सी प्लस प्लस भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्यांनी असले उत्तर पंधराएक वर्षे सोसले.

चालती आज्ञावली मध्येच थांबवून संगणकाच्या स्मृतीत काय आहे ते दाखवणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांचा १९८६ मधील ‘जीडीबी’ त्यांपैकीच. साध्या संख्या तो बिनचूक दाखवी. पुढे अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी रचलेली ‘व्हेक्टर’, ‘लिस्ट’, ‘मॅप’ ही माहिती साठवण्याची पात्रे १९९४ मध्ये भाषेच्या प्रमाण मसुद्यात आली, आणि १९९८ मध्ये ते प्रमाण प्रसिद्ध झाले. अडचण तेथे सुरू झाली.

समजा, व्हेक्टरमध्ये ४०, ६२, ७५ हे गुण ठेवले. डीबगर दाखवी ते स्मृतीतले तीन पत्ते: ५०००, ५०१२, ५०१६. एका पूर्णांकाला ४ बाइट लागतात असे धरून फळ्यावर मांडून पाहा. ५०१२ वजा ५००० म्हणजे १२, भागिले ४, म्हणजे घटक ३. तिसरा पत्ता सांगतो की जागा चौघांची आहे. गुण मात्र कोठेच नाहीत! मॅपची गत याहून वाईट. तो आतून वृक्षासारखा असल्याने एकेका नोंदीसाठी फांदी फांदी हाताने चढावी लागे.

आमच्या मते यात डीबगरचा दोष नव्हता. कोणत्या पत्त्याचा अर्थ काय, हे पात्र घडवणाराच जाणतो. म्हणून २००९ मध्ये जीडीबीच्या ७.० आवृत्तीत पायथन भाषेची सोय झाली आणि पात्र कसे दाखवावे याचे वर्णन बाहेरून देता येऊ लागले. २०१० मध्ये जीसीसी ४.५ बरोबर तिच्या पात्रांची वर्णनेही आली. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने लिस्टची आतली मांडणी बदलली, तेव्हा वर्णनही बदलावे लागले. पण दोन्ही एकाच घरात असल्याने ते सोपे गेले.

एक खोच मात्र राहिली. व्हेक्टर तयार होण्याआधीच आज्ञावली थांबवली, तर त्या तीन पत्त्यांच्या जागी जुना कचरा असतो. वर्णन इमानाने वजाबाकी करते आणि लाखो घटक असल्याचे सांगते. जीडीबी एरवी २०० घटकांवर थांबतो म्हणून बरे. अशा वेळी जाणकार ‘प्रिंट’ आज्ञेला ‘/आर’ जोडतो आणि तेच जुने तीन पत्ते उघडे करून पाहतो.